पाच दिवसांनी या

चौदा वर्षं एकाच खुर्चीवर बसलं की माणसाला त्या खुर्चीची मतं चिकटतात. ही बाई रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबच्या काउंटरवर बसायची. तिथे येणारे सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे आजोबासुद्धा. तेव्हा आपणही ताईच म्हणू. ताईची मतं ठाम होती. उपाशीपोटी म्हणजे चहाचा घोटसुद्धा नाही. बाटलीवर नाव नसेल तर बाटली हातात घ्यायची नाही. आणि एखादी बाई नमुना द्यायला आली की पहिला प्रश्न, तोही शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, "पाळी चालू आहे का?" समोरचीने मान खाली घालून हो म्हटलं की ताई तिची चिठ्ठी परत सरकवायची. "मग पाच दिवसांनी या."

यात आपलं काही चुकतं असं तिला कधी वाटलं नव्हतं. भिंतीवर तसा बोर्डच होता आणि तो लॅबच्या मालक डॉक्टरांनी स्वतः लावलेला होता. पाळीचं रक्त लघवीत मिसळलं तर रिपोर्टमध्ये नको त्या पेशी दिसतात, डॉक्टर गोंधळतात आणि पेशंट घाबरतो. कारण अगदी खरं होतं. ताईने ते एकदा ऐकलं, पटवून घेतलं आणि पुढे चिठ्ठीवर काय लिहिलंय ते न बघताच सगळ्यांना लावलं. बायका परत जायच्या. काही पाच दिवसांनी यायच्या, काही यायच्या नाहीत. न येणाऱ्यांची नावं कॉम्प्युटरवर "नमुना बाकी" अशा यादीत पडून राहायची, आणि ती यादी उघडायची कुणालाच कधी गरज पडायची नाही.

सोमवारी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. नवरा लिफ्ट बसवणारा फिटर. दूर कुठेतरी मोठमोठ्या इमारती उठत होत्या, तिथल्या साइटवर तो दोन-दोन महिने राहायचा आणि चार दिवस घरी यायचा. लेक होस्टेलवर गेल्यापासून घरात ताई एकटीच असायची. त्या दिवशी तो आधी पाण्याच्या टाकीबद्दल बोलला, मग लेकीच्या परीक्षेबद्दल, मग पुन्हा टाकीबद्दल. ताई भाजी निवडत ऐकत होती. घोडं कुठेतरी पेंड खातंय हे तिच्या लक्षात आलं होतं.

"अगं, ते डॉक्टर म्हणाले, घरी सांगा."

"काय सांगा?"

"म्हणजे तपासून घ्यायला सांगा. मला जरा जळजळ होत होती लघवीला. गोळ्या घेतल्या, आता बरं आहे. एकदाच चूक झाली गं. मागच्या वेळी घरी आलो ना, त्याच्या आधी. एकदाच."

"कोणत्या गोळ्या?" ताईने विचारलं.

त्याने नाव वाचून दाखवलं. ते औषध कशावर देतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. मागच्या वेळी तो घरी आला होता त्याला सहा आठवडे झाले होते, हेही तिने मनात मोजलं. "बरं," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि उरलेली भाजी निवडून संपवली. चौदा वर्षं दुसऱ्यांचे रोग बाटलीत भरून घेतलेल्या बाईची पाचावर धारण बसली. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. आपण काहीच केलेलं नसताना लाज आपल्याला का वाटावी, याचा तिला आणखी राग आला.

रात्रभर विचार करून तिने एकच गोष्ट ठरवली. तो शनिवारी सकाळी येणार होता, या वेळी दोनच दिवसांसाठी. त्याच्या आधी आपला रिपोर्ट आपल्या हातात पाहिजे. नवरा बोलण्यात पटाईत होता. भांडायला बसलं की शब्द धरायचा, मध्येच हसवायचा, मग स्वतःच रुसायचा आणि शेवटी समजूत ताईलाच काढावी लागायची. पण कागदाशी कोण हुज्जत घालणार? तिने काउंटरवरून पाहिलं होतं, माणसं डॉक्टरशी भांडतात, बायकोशी भांडतात, देवाशीही भांडतात, रिपोर्ट हातात पडला की मात्र गप्प होतात. रिपोर्ट नसेल तर तो दोन दिवस "काही झालं नसेल गं तुला" म्हणत गोड गोड राहणार आणि निघून जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. दार उघडताना आपण आजारी आहोत की नाही हे तरी आपल्याला माहीत असावं, एवढीच तिची मागणी होती.

आणि मंगळवारी सकाळी पाळी आली. चार दिवस आधी.

ताई न्हाणीघरात उभ्या उभ्या बोटं मोजू लागली. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. पाच दिवस म्हणजे रविवार उजाडणार. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिने वाद घातला असता, पण इथे तिचाच बोर्ड तिच्या आडवा आला होता. दिवसभर काउंटरवर ती घुम्यासारखी बसली. रक्त काढणारा तरुण, ज्याला सगळे सुईवाला म्हणायचे, दोनदा विचारून गेला, "ताई, आज आवाज बसलाय का? बाहेर पेशंटना ऐकू येत नाहीये." संध्याकाळपर्यंत तिने मनाशी तोडगा काढला. रक्त तर हातातून काढतात. निदान रक्ताच्या तपासण्या होतील. बाकीचं मागाहून बघू.

स्वतःच्या लॅबमध्ये रक्त देण्याचा प्रश्नच नव्हता. सुईवाल्याच्या पोटात काही राहत नसे. बुधवारी तिने दाढ दुखते म्हणून रजा घेतली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सरकारी दवाखान्यात गेली. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "कुठला विभाग?"

"ते आपलं... त्वचेचं," ताई म्हणाली.

"काय झालंय त्वचेला?"

"खाज."

"कुठे?"

ताकाला जाऊन भांडं लपवावं तर ते असं. ताईच्या मागे सहा माणसं उभी होती. तिला एकदम आठवलं की आपण रोज भरल्या बाकांसमोर "एचआयव्हीचा नमुना कुणाचा?" असं ओरडतो आणि कुणी उठायला उशीर केला की पुन्हा ओरडतो. तिने खिडकीत तोंड घातलं आणि म्हणाली, "संबंधातून होणारे आजार असतात ना, त्याची तपासणी."

"मग असं सरळ बोला की. खोली सोळा," कारकून म्हणाला आणि त्याने तिच्या हातात आकड्याचा बिल्ला दिला. "नाव सांगायचं नाही तिथे. हा नंबर पुकारतील."

सोळा नंबरच्या खोलीत एक वयस्कर सिस्टर होती. केसांचा घट्ट अंबाडा, टेबलावर नळ्यांचा स्टँड, चष्मा दोरीने गळ्यात. तिने ताईला बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. नवऱ्याला काय झालं, कधी कळलं, तुमचा शेवटचा संबंध कधी, पोटात दुखतं का, अंगावरून पांढरं जातं का, दिवस राहण्याची शक्यता आहे का. आवाज हळू आणि सरळ होता, किराणा मालाची यादी वाचावी तसा. ताईने सगळी उत्तरं दिली आणि शेवटी अपराध्यासारखं सांगितलं, "पण सिस्टर, माझी पाळी चालू आहे. तेव्हा आज फक्त रक्त घ्या. लघवीचं मी पाच दिवसांनी येते."

"का बरं?"

"पाळीत नमुना चालत नाही ना."

"कुणी सांगितलं?"

"मी लॅबमध्येच असते," ताई म्हणाली. सांगून टाकल्यावर तिला जरा मोकळं वाटलं. "चौदा वर्षं. सगळ्यांना हेच सांगतो आम्ही."

सिस्टरने चष्मा काढला. "साध्या लघवीच्या तपासणीला ते बरोबर आहे. तिथे पेशी मोजतात. इथे पेशी कोण मोजतंय? आम्ही जंतू शोधतो. पाळी असो नसो, जंतू काही सुट्टीवर जात नाहीत."

"म्हणजे आज होईल?"

"आज होईल. फार जात असेल तर क्वचित कधी नमुना पुन्हा घ्यावा लागतो. तेवढ्यासाठी मी बाईला परत पाठवत नाही. परत गेलेली बाई परत येईलच याचा काय भरवसा?"

सिस्टरने आधी दंडाला पट्टा बांधून तीन नळ्या रक्त घेतलं आणि मग एक बाटली पुढे केली. "कापसाच्या काडीने आतला नमुना घेतलेला जास्त बरा, पण लघवीवरही होतं. तुम्हाला काय सोयीचं?"

बाटली म्हणजे ताईच्या ओळखीची. काडी-बिडी नको, बाटलीच बरी, असं म्हणून ती संडासात गेली. रोज पन्नास बायकांना जसं सांगायची तसं तिने तंतोतंत केलं. स्वच्छ धुतलं, पहिली धार सोडून दिली, मधली धार धरली, झाकण घट्ट लावलं, बाहेरून बाटली पुसली, नंबर लिहिला. एवढा नीटनेटका नमुना या दवाखान्यात वर्षभरात कुणी दिला नसेल, असं वाटून तिला त्या अवस्थेतही थोडा अभिमान वाटला.

सिस्टरने बाटली उजेडाकडे धरली. "पहिली धार घेतलीत ना?"

"छे हो! पहिली सोडली. मधलीच घेतली."

सिस्टर खुदकन हसली. "अहो लॅबवाल्या, या तपासणीला पहिलीच लागते. जंतू दारातच बसलेले असतात. तुम्ही दार धुतलंत, त्यांना मोरीत सोडलंत आणि आतलं स्वच्छ पाणी मला आणून दिलंत."

ताईचा चेहरा पडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा लावून आपणच बसलो होतो. तिलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. सोमवारपासून ती एकदाही रडली नव्हती. सिस्टरने तिला रडू दिलं. कापसाचा बोळा पुढे केला आणि स्वतः कागद भरत राहिली.

"आता पुन्हा लघवी द्यायची तर तास-दीड तास थांबावं लागेल," थोड्या वेळाने ती म्हणाली. "नाहीतर काडी घ्या. पडद्यामागे जाऊन स्वतःच घ्यायची असते. दोन बोटांइतकी आत, पंधरा-वीस सेकंद फिरवायची आणि या नळीत टाकायची."

"रक्त लागेल त्याला."

"लागू दे. यंत्र नाक मुरडत नाही."

पडद्यामागे दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काडीला रक्त लागलं. ती लाल काडी नळीत टाकून झाकण लावताना ताईला कसलीच किळस वाटली नाही. वाटला तो राग, आणि या वेळी तो नवऱ्याचा नव्हता. तिला एक मुलगी आठवली. मागच्या वर्षी आली होती, हातात अशाच तपासणीची चिठ्ठी होती. आज मोठ्या मिनतवारीने सुट्टी मिळाली, पुन्हा मिळणार नाही, असं ती काउंटरला चिकटून हळू आवाजात सांगत होती. ताईने चिठ्ठी न वाचताच तिला बोर्ड दाखवला होता आणि "नियम सगळ्यांना सारखा" असंही वर सुनावलं होतं. ही काडी आणि ही नळी त्या दिवशी ताईच्या मागच्या कपाटात होती. ती मोठ्या लॅबला पाठवायला म्हणून कायम असायची.

"शुक्रवारी दुपारी या," सिस्टर म्हणाली. "रक्ताची तपासणी मात्र तीन महिन्यांनी पुन्हा एकदा करायची. काही आजार रक्तात उशिरा दिसतात."

गुरुवारी ताई कामावर गेली ती ठरवूनच. पहिली बाई आली तेव्हा तिने आधी चिठ्ठी वाचली, मग तिला जवळ बोलावलं आणि जो प्रश्न विचारायचा तो हळू विचारला. सुईवाला दारातून बघत होता. "ताई, दाढ काढली की जीभ?" तो म्हणाला. दुपारी गर्दी ओसरल्यावर ताईने मालक डॉक्टरांना गाठलं आणि बोर्डाखाली एक ओळ वाढवायला लावली, की जंतूंच्या तपासणीला पाळी आड येत नाही. डॉक्टरांनी "हे तर उघडच आहे, तुम्हाला माहीत नव्हतं?" असं विचारलं. चौदा वर्षांत त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं, पण ते बोलून काय उपयोग.

मग तिने "नमुना बाकी"ची यादी उघडली. तसल्या तपासण्यांच्या अकरा बायका निघाल्या. एकेकीला फोन लावला. चार नंबर बंद होते. दोघी म्हणाल्या, दुसरीकडे करून घेतलं. एका घरी पुरुषाने उचलला तेव्हा ताईने "चुकीचा नंबर" म्हणून ठेवून दिला. एकीने "आता कशाला?" एवढंच विचारलं आणि बराच वेळ फोन तसाच धरून ठेवला. उरलेल्या तिघी येते म्हणाल्या. सुट्टी मागणारी ती मुलगी बंद नंबरांपैकी एक होती. ताईने तिचा नंबर संध्याकाळपर्यंत पाच वेळा लावला.

शुक्रवारी सिस्टरने कागद समोर ठेवला आणि बोट ठेवून एकेक ओळ सांगितली. रक्तात काही नाही. काडीच्या तपासणीत क्लॅमिडियाचा जंतू निघाला. "बरा होतो. सात दिवस गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. एकही चुकवायची नाही. त्या काळात संबंध नाही. आणि जोडीदाराने घेतल्याच पाहिजेत. त्याचे आणखी कुणाशी असतील तर तिनेही. एक भांडं घासलं आणि दुसरं खरकटं ठेवलं तर स्वयंपाकघर स्वच्छ होत नाही."

"सिस्टर, हे कधीचं आहे?"

"ते कागद सांगत नाही. दोन महिन्यांचं असेल, दोन वर्षांचं असेल. बायकांना कित्येकदा काही त्रासही होत नाही. कधीचं ते माणसाला विचारायचं."

ताई कागद घेऊन बाहेर आली. तीन दिवस जिवाचं रान करून मिळवला तो कागद आपल्या वतीने भांडेल असं तिला वाटलं होतं. आता कळलं की मुख्य प्रश्न त्याने तिच्याच गळ्यात टाकला आहे.

शनिवारी दहाच्या सुमाराला नवरा आला. खांद्यावरची बॅग दारातच ठेवली, चपला काढल्या, घराचा वास घेतल्यासारखा थांबला. ताई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती. तिने चहा टाकला नव्हता.

"कशी आहेस?" तो म्हणाला. मग समोर बसला. "हे बघ, तू उगाच डोक्यात घेऊ नकोस. तुला काही झालंही नसेल. तपासणी करू सावकाश. मी काय पळून चाललोय?"

ताईने कागद पुढे सरकवला.

त्याने वाचला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा वाचला. "एवढ्यात?" तो म्हणाला. तिला वाटलं होतं तसाच तो गप्प झाला. पण तो गप्पपणा फार टिकला नाही. "चुकलं माझं. पण एकदाच गं. देवाशपथ एकदाच. आता तू मला..."

ताईला दिसलं, गाडी नेहमीच्या रस्त्याला लागतेय. आता तो शपथ घेईल, मग डोळे पुसेल, मग तिला पाणी द्यायला उठावं लागेल. तिने शेजारचं पेन उचललं आणि रिपोर्टच्या पाठीवर रेघ मारली. पुढचे शब्द तिच्या तोंडून काउंटरच्या आवाजात आले. तो आवाज तिने मुद्दाम काढला नव्हता. चौदा वर्षांची सवय, ती अशा वेळी मदतीला आली.

"गोळ्या कधी सुरू केल्या?"

"अं? बारा तारखेला."

"पूर्ण घेतल्या?"

"हो."

"त्या काळात संबंध आला?"

"नाही."

"त्याच्या आधी शेवटचा कधी?"

"चार-पाच दिवस आधी असेल," तो म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. पण ताईने मान वर केली नव्हती. ती लिहीत होती. कागदावर पेन चालत असलं की समोरचा माणूस आपोआप पुढचं सांगतो, हे तिने रोज पाहिलं होतं.

"किती जणी?"

"एकच आहे. तशी नाहीये ती. साइटवर कँटीन चालवते. नवरा गेलाय तिचा."

"किती दिवसांपासून?"

तो बॅगेकडे बघत राहिला. "दोन वर्षं होतील."

पेन थांबलं. एका चुकीची तिने मनाची तयारी केली होती. दोन वर्षं म्हणजे लेकीची दहावी, टाकीची गळती, सासूबाईंचं आजारपण, हे सगळं त्यात आलं. या सगळ्यात तो महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जेवला होता आणि झोपला होता. तिला टेबल उलटं करावंसं वाटलं. पण प्रश्नांची यादी तिच्या तोंडात तयार होती आणि पुढचा प्रश्न तिच्या आधी बाहेर पडला.

"तिची तपासणी झाली?"

"नाही." तो जरा सावरून बसला. या उत्तरात त्याला काही लपवायचं नव्हतं. "जाणार होती. डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हाच निघाली होती. पण नेमकी पाळी आली तिची. मग मीच म्हटलं, थांब. तू नेहमी सांगतेस ना घरी, पाळीत चालत नाही, पाच दिवसांनी. मी तिला सांगितलं, हे लॅबमधल्या माणसाचं सांगणं आहे, पक्कं आहे."

"मग?"

"मग राहूनच गेलं. कँटीन बंद ठेवता येत नाही ना."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा राग येणं सोपं होतं आणि तो आलाच होता. पण त्या बाईला दवाखान्याच्या वाटेवरून माघारी फिरवणारे शब्द याचे नव्हते. ते तिचे होते. सुट्टी मागणाऱ्या मुलीला सुनावताना वापरले होते तेच.

"फोन लावा तिला."

"कुणाला? अगं, वेडी आहेस का? काय बोलणार तू तिच्याशी? भांडण..."

"भांडायला नाही. लावा."

त्याने लावला. ताईने फोन हातातून घेतला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी ताटं रचत होतं. "हां, पोचलात का?" बाईने विचारलं. आवाज थकलेला होता.

"मी लॅबमधून बोलतेय," ताई म्हणाली. "तुमची तपासणी राहिली आहे. पाळी चालू असली तरी ती होते. पाच दिवस थांबायचं काही कारण नाही."

"पण मला तर थांबायला सांगितलं होतं. लॅबमध्येच विचारलंय म्हणाले ते."

"हो. मीच तसं सांगत होते. चूक होती माझी."

भांड्यांचा आवाज थांबला. फोन कुणाच्या नंबरवरून आलाय ते त्या बाईला दिसतच असणार.

"तुम्ही त्यांच्या..." बाई म्हणाली.

"हो. ते राहू द्या. पोटात दुखतं का?"

"दुखतं." आणि मग, जणू इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं, "फार दुखतं हो. खाली. पंधरा दिवस झाले. कालपासून तापही आहे."

ताई खुर्चीवरून उठून उभी राहिली. "मग आता रिपोर्टची वाट बघत बसू नका. आत्ता दवाखान्यात जा. आत गेल्या गेल्या आधी दुखणं आणि ताप सांगा, मग बाकीचं. जोडीदाराला क्लॅमिडिया निघालाय असं स्पष्ट सांगा. लाजू नका. लिहून घ्या नाव."

"आत्ता? कँटीनमध्ये दीडशे माणसं जेवायची आहेत."

"कुलूप लावा. एक दिवस उपास घडला म्हणून कुणी मरत नाही. सोबत कुणी आहे?"

"शेजारीण आहे."

"तिला घेऊन जा. पोचलात की या नंबरवर नाही, माझ्या नंबरवर कळवा. सांगते, लिहा."

तिने आकडे दोनदा सांगितले, बाईकडून परत म्हणवून घेतले आणि फोन बंद केला. नवरा टेबलाच्या कडेला नखाने ओरखडत बसला होता. "तिने मला सांगितलं नाही दुखतंय म्हणून," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं होतं?"

तो उठला आणि काहीतरी करायचं म्हणून दाराकडे गेला, बॅग उचलली आणि आतल्या खोलीकडे वळला.

"बॅग उघडू नका," ताई म्हणाली.

"मग कुठे जाऊ मी?"

"तिथे एक बाई आजारी आहे. तिच्या कँटीनमध्ये दीडशे माणसांचा स्वयंपाक पडलाय."

तो दारात उभा राहिला, तिचा चेहरा वाचत. हसवायला काही मिळतं का, रुसायला काही मिळतं का, हे त्याने पाहिलं. मग चपला घातल्या. जिन्यावरून त्याची पावलं पूर्ण खाली गेल्याचं ऐकू आल्यावर ताईने दार लावलं आणि गोळी घ्यायची म्हणून आधी दोन घास खाऊन घेतले.